खाऱ्या हवेत सुरीच्या पात्यासाठी कोणते पोलाद घ्यावे?

खानावळ_रत्नागिरी

सर्वांना नमस्कार.

रत्नागिरीत समुद्राच्या अगदी लगत आमची खानावळ आहे. मिरकरवाडा बंदरावरून येणारी मासळी साफ करण्यापासून लोणच्यासाठी कैऱ्या फोडण्यापर्यंतची सगळी कामे आमच्याच स्वयंपाकघरात होतात. पावसाळ्यात पात्यांवर गंज चढतो हे किनाऱ्यावर कोणालाच नवे नाही. परंतु निरनिराळी पाती निरनिराळ्या रीतीने गंजतात आणि त्यामागचे कारण मला उमगलेले नाही, म्हणून विचारत आहे.

आमच्याकडे तीन तऱ्हेची पाती आहेत. पहिली, गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेला कोयता आणि जुनी विळी. ही पाती काळी पडतात आणि पावसाळ्यात एका रात्रीत त्यांच्यावर तांबूस थर येतो, पण घासले की तो जातो आणि खाली पाते शाबूत असते. दुसरी, बाजारात मिळणाऱ्या आणि ज्यांच्यावर नुसते ‘स्टेनलेस स्टील’ एवढेच छापलेले असते अशा सुऱ्या. त्या वर्षभर चकचकीत राहतात, मात्र मुठीजवळ टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात आणि त्यांची धार फार लवकर जाते. तिसरी, एका कारागिराकडून मुद्दाम करवून घेतलेली डी-२ पोलादाची सुरी. तिच्यात १२ टक्के क्रोमियम आहे, त्यामुळे ती ‘जवळजवळ स्टेनलेस’ आहे, असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर नारिंगी ठिपके आले आणि ते पुसून काढल्यावर खाली खोलवर खड्डे दिसले. धार मात्र अप्रतिम टिकते, म्हणून ती टाकून देण्याचेही मनात येत नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. स्वस्त सुरीपेक्षा १२ टक्के क्रोमियमची महागडी सुरी अधिक गंजते, हे कसे? पाते विकत घेताना लोहचुंबक लावून पाहावे आणि तो चिकटला तर ते खरे स्टेनलेस नव्हे असे समजावे, हा इथल्या दुकानदारांचा सल्ला कितपत बरोबर आहे? आणि खारे पाणी, आंबट फळे व दमट हवा या तिन्हींना पुरून उरेल आणि तरीही बऱ्यापैकी धार धरेल असे पोलाद कोणते?

---

धातुशास्त्र_कोल्हापूर

नमस्कार. मी धातूंच्या उष्णतोपचाराच्या व्यवसायात आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची बरीचशी उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

पोलादात पुरेसे क्रोमियम असले की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. हा थर खरवडला गेला तरी प्राणवायू मिळताच पुन्हा जमतो आणि खालच्या लोखंडाला झाकून ठेवतो. स्टेनलेस म्हणवून घेण्यासाठी किमान १०.५ टक्के क्रोमियम लागते, असे मानक सांगते. परंतु हा थर फक्त तेच क्रोमियम तयार करू शकते, जे पोलादाच्या मूळ पोतात विरघळलेले असते. कार्बनशी जखडून कार्बाइडचे कठीण कण बनलेले क्रोमियम धार टिकवण्याच्या कामी येते, पण गंजापासून संरक्षण करण्याच्या कामी येत नाही.

डी-२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असते हे खरे, परंतु कार्बनही सुमारे १.५ टक्के असतो. इतका कार्बन क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडमध्ये ओढून घेतो आणि विरघळलेल्या स्थितीत जवळपास निम्मेच उरते. कागदावरचा पगार आणि कपाती होऊन हातात पडणारा पगार यांत जो फरक असतो, तोच या दोन आकड्यांत आहे. आपल्या स्वस्त सुऱ्या बहुधा ४२० किंवा तिच्या जवळपासच्या जातीच्या असाव्यात. त्यांत क्रोमियम १२ ते १४ टक्केच असते, पण कार्बन थोडा असल्यामुळे त्यातील बहुतेक सगळे विरघळलेले राहते. म्हणून त्या कमी गंजतात, आणि कार्बन थोडा असल्यामुळेच त्यांची धारही टिकत नाही. डी-२ ची धार ज्या कार्बाइडांमुळे टिकते, त्याच कार्बाइडांनी तिचे संरक्षण खाल्लेले आहे.

याचा अधिक स्पष्ट दाखला ४४०-ए आणि ४४०-सी या जोडीत मिळतो. दोन्हींत क्रोमियम १६ ते १८ टक्के, म्हणजे अगदी सारखे. ‘ए’ मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के आणि ‘सी’ मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. परिणामी ‘ए’ गंजाला अधिक चांगले तोंड देते, तर ‘सी’ अधिक कठीण होते व धार अधिक काळ धरते. उलट टोकाचे उदाहरण म्हणजे २०२१ साली अमेरिकेत बाजारात आलेले मॅग्नाकट हे पोलाद. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने त्याची रचनाच अशी केली की, कडक केल्यानंतर त्यात क्रोमियमचे कार्बाइड उरू नयेत आणि झिजेला तोंड देण्याचे काम व्हॅनेडियम व नायोबियम यांच्या कार्बाइडांनी करावे. त्यात क्रोमियम अवघे १०.७ टक्के आहे, डी-२ पेक्षाही कमी; तरीही खाऱ्या पाण्यात ते ४४०-सी पेक्षा पुष्कळ सरस ठरते. वेष्टनावरील क्रोमियमच्या आकड्यावरून पोलाद निवडू नये असे मी आग्रहाने सांगतो, ते यासाठीच.

क्रोमियमशिवाय आणखी दोन मूलद्रव्ये इथे महत्त्वाची आहेत. मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्यात पडणाऱ्या खड्ड्यांना अटकाव करते, आणि नायट्रोजन तर दुहेरी काम करतो: तो कार्बनप्रमाणे पोलादाला कडकपणा देतो, पण क्रोमियमला कार्बनइतका जखडून ठेवत नाही. खड्डे पडण्याविरुद्धची ताकद अजमावण्यासाठी क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट अशी बेरीज करण्याची पद्धत आहे. त्यानुसार एलसी२००एन या पोलादाची बेरीज २५ च्या आसपास येते, कारण त्यात कार्बन केवळ ०.३ टक्के आणि नायट्रोजन सुमारे ०.४ टक्के आहे. ४४०-सी चीही बेरीज कागदावर १९ च्या वर जाते, पण तिथे पुन्हा तोच अडसर येतो: ती बेरीज विरघळलेल्या मूलद्रव्यांची केली तरच खरी, आणि ४४०-सी मधील बरेचसे क्रोमियम कार्बाइडात अडकलेले असते.

आता मिठाचा विचार करू. गोड्या पाण्यात सुखाने राहणारे पाते समुद्राजवळ का खचते, याचे उत्तर क्लोराइडमध्ये आहे. क्लोराइड क्रोमियम ऑक्साइडचा थर एखाद्या कमकुवत जागी फोडतो. तिथे सूक्ष्म खड्डा पडला की त्याच्या आतील पाणी बाहेरच्या पाण्यात सहज मिसळत नाही, आत प्राणवायू पोहोचत नाही, आणि विरघळणाऱ्या धातूमुळे ते पाणी उत्तरोत्तर आम्लधर्मी होत जाते. मग खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत राहतो. आपल्या सुऱ्यांना नेमके मुठीजवळ खड्डे पडतात, त्याचे कारणही हेच आहे. पाते आणि मूठ यांच्यामधल्या फटीत खारे पाणी आणि मासळीचे कण अडकतात, प्राणवायू मिळत नाही आणि फुटलेला थर पुन्हा भरून येत नाही.

शिवाय शुद्ध मीठसुद्धा हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प शोषून स्वतःच द्रवरूप होते, आणि समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओलावा धरते. त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात, वरून कोरडे दिसणारे पण नीट न धुतलेले पाते खरे म्हणजे अहोरात्र ओलेच असते. पाते पुसून ठेवले एवढे पुरत नाही. आधी गोड्या पाण्याने मीठ काढून टाकणे आणि मगच पुसणे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

लोहचुंबकाबाबत: भांड्यांसाठी वापरले जाणारे ३०४ जातीचे पोलाद सामान्यतः चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तो सल्ला भांड्यांच्या दुकानातून सुरींच्या दुकानात आलेला दिसतो. परंतु ३०४ हे तापवून आणि थंड करून कडक करता येत नाही, त्यामुळे ते धारेच्या कामाचे नाही. सुरीसाठी लागणारे, कडक होणारे स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतेच. कमानपाट्याचा कोयताही चिकटतो. म्हणजे चुंबकावरून गंजाविषयी काहीच कळत नाही. उलट चुंबकाला मुळीच न चिकटणारी स्वयंपाकाची सुरी मिळाली तर तिच्या धारेविषयीच शंका घ्यावी.

जाता जाता एक नोंद करतो. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतवले, ते बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत यासाठी चाललेल्या प्रयोगांच्या ओघात. त्याचा पहिला मोठा उपयोग मात्र जेवणाच्या सुऱ्यांसाठीच झाला, कारण फळांच्या आणि व्हिनेगरच्या आम्लाने डागळणारी पाती ही शेफिल्डच्या कारागिरांची जुनी डोकेदुखी होती. कार्बन किती ठेवावा हा आपला आजचा प्रश्न त्या पहिल्या पोलादापासूनच सोबत आहे.

---

रापण

वरील विवेचन मला पटते, पण आपल्या कोयत्याच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे. माझे घराणे मासेमारीचे आहे आणि आमच्याकडे मोरी, सुरमईसारखी मोठी मासळी फोडण्यासाठी आजही कमानपाट्याचाच कोयता वापरतात.

साधे पोलाद गंजते हे उघड आहे, परंतु ते कसे गंजते याकडे पाहावे. त्याचा गंज सबंध पृष्ठभागावर सारखा पसरतो, डोळ्यांना ताबडतोब दिसतो आणि वेळीच घासला तर खाली हानी झालेली नसते. स्टेनलेसचा खड्डा मात्र बाहेरून टाचणीएवढा असतो आणि आत पसरलेला असतो. त्यात मासळीचा अंश अडकतो, वास राहतो आणि कितीही घासले तरी तो निघत नाही. खानावळीच्या स्वच्छतेच्या दृष्टीने मला हा दुसरा प्रकार अधिक त्रासदायक वाटतो.

कोयत्यावर आणि विळीवर जो काळा-निळसर थर बसतो, त्याला गंज समजून काढून टाकण्याची घाई करू नये. तांबडा गंज सच्छिद्र असतो, ओलावा धरतो आणि पापुद्र्यांनी सुटतो; काळा थर घट्ट बसलेला असतो आणि खालच्या लोखंडाला काही प्रमाणात सांभाळतो. केळफूल, कच्चे केळे किंवा वांगे चिरल्यावर विळी काळी पडते, ती त्यांतील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने. तो डाग निरुपद्रवी असतो, फक्त भाजीचा रंग बदलू नये म्हणून पाते लगेच धुवावे. मात्र या काळ्या थराला स्टेनलेसच्या संरक्षणाची सर नाही, हेही लक्षात ठेवावे. खारे पाणी लागून राहिले तर तो टिकाव धरत नाही.

सर्वांत वाईट काय, असे मला विचाराल तर मी कोकमाचे आगळ असे सांगेन. त्यात आम्लही आहे आणि मीठही आहे, आणि दोन्ही एकत्र आल्यावर कोणत्याही पात्याचे भले होत नाही. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींचेही तेच. आगळ गाळताना किंवा लोणचे घालताना वापरलेली सुरी ‘नंतर धुऊ’ म्हणून ताटात पडून राहिली, तर महागडे स्टेनलेससुद्धा डागळते. साध्या पोलादाच्या पात्याच्या बाबतीत तर डाग पडण्याआधीच धार जाते, कारण धारेची कड इतकी बारीक असते की आम्लाने तिचा थोडासा अंश खाल्ला तरी ती बोथट होते. म्हणून आंबट कामासाठी स्टेनलेस आणि हाडाच्या कामासाठी कोयता, अशी वाटणी आमच्या घरात आहे आणि ती मला अगदी योग्य वाटते.

पावसाळ्यासाठी आम्ही पात्याला खोबरेल तेलाचे पुसट बोट लावून ठेवतो. ते हवेत सुकून चिकट होत नाही, आणि खाण्याच्या पदार्थाला लागले तरी काही बिघडत नाही. सूर्यफुलाचे किंवा जवसाचे तेल लावू नये. त्याचा कालांतराने चिकट थर बसतो आणि त्याखाली ओलावा अडकतो.

---

पाते_आणि_मूठ

मी छंद म्हणून सुऱ्या तयार करतो, त्यामुळे माझे म्हणणे पोलादाच्या नावाविषयी कमी आणि ते घडवण्याविषयी अधिक आहे. एकाच जातीच्या पोलादाची दोन पाती गंजाच्या बाबतीत अगदी निराळी निघू शकतात, आणि हा भाग खरेदी करणाऱ्याला कधीच दिसत नाही.

पहिली गोष्ट पाणी देण्याची. कमानपाट्याचे पोलाद साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवले की कडक होते. तो रंग लोहाराच्या नजरेत बसलेला असतो आणि शेगड्यावर तो उत्तम साधतो. स्टेनलेसला मात्र १०२० ते १०८० अंशांपर्यंत न्यावे लागते, तिथे काही मिनिटे स्थिर ठेवावे लागते, म्हणजे कार्बाइड विरघळून क्रोमियम मोकळे होते, आणि मग झपाट्याने थंड करावे लागते. थंड होण्यास वेळ लागला तर क्रोमियम पुन्हा कार्बाइड बनवून कणांच्या सीमांवर जमते आणि त्या सीमेलगतचा भाग उघडा पडतो. हे काम तापमान मोजणाऱ्या भट्टीशिवाय होत नाही. म्हणून ‘स्टेनलेसचा पत्रा देतो, त्याचा कोयता घडवून द्या’ असे गावच्या लोहाराला सांगू नये. त्याच्या कौशल्यात उणे काही नाही, पण ते पोलाद शेगड्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट टेम्परिंगची, म्हणजे कडक केलेले पाते ठिसूळ राहू नये म्हणून ते पुन्हा बेताने तापवण्याची. डी-२ सारखे पोलाद १५० ते २०० अंशांवर टेम्पर करता येते, तसेच ५०० अंशांच्या आसपासही करता येते. दुसऱ्या पद्धतीत कडकपणा चांगला राहतो आणि कारखान्यांतील ठशांसाठी ती सर्रास वापरली जाते, परंतु त्या तापमानाला क्रोमियमचे नवे सूक्ष्म कार्बाइड बाहेर पडतात आणि गंजरोधकता आणखी घटते. आपल्या कारागिराने पाते औद्योगिक उष्णतोपचार करणाऱ्याकडे पाठवले असेल, तर ते ठशांच्याच पद्धतीने झालेले असण्याची शक्यता आहे. त्यांना टेम्परिंगचे तापमान अवश्य विचारावे. घासताना पाते निळे पडेपर्यंत तापवले गेले असेल, तरी त्या जागी असेच नुकसान होते आणि धारही मऊ पडते.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. जाड पॉलिश पेपरचे ओरखडे राहिलेल्या पात्यात मीठ आणि पाणी धरून ठेवायला हजारो खाचा असतात. आरशासारख्या गुळगुळीत पात्यावर थेंब टिकत नाही. काही सुंदर दिसणारी पाती मुद्दाम खडबडीत किंवा काळपट ठेवलेली असतात. समुद्रकिनाऱ्यावर मी ती घेणार नाही.

मुठीबद्दल धातुशास्त्रवाल्यांनी सांगितलेच आहे. त्यात एवढीच भर घालतो की, लाकडी मूठ आणि पाते यांच्यामध्ये इपॉक्सी नीट भरलेली असावी, पितळी खिळे घट्ट बसलेले असावेत, आणि शक्य असल्यास मूठ पात्यावर सलग ओतलेली असावी, म्हणजे फटच राहत नाही. मासळी बाजारात आणि खाटीकखान्यांत प्लॅस्टिकच्या सलग मुठीच्या सुऱ्या सर्वत्र दिसतात, त्याला हे चांगले कारण आहे.

जपानी सुऱ्यांपैकी काहींत मध्यभागी साध्या कार्बन पोलादाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना स्टेनलेसचे आवरण असते. त्या घेताना लक्षात ठेवावे की, संरक्षण बाजूंना आहे, धारेला नाही. खारे पाणी लागले तर उलट धारेचाच भाग अधिक वेगाने जातो, कारण दोन भिन्न धातू एकत्र ओले झाले की त्यांतला कमकुवत धातू आधी खाल्ला जातो.

---

खानावळ_रत्नागिरी

तिघांचेही मनापासून आभार. डी-२ च्या टेम्परिंगविषयी कारागिराला विचारले. त्यांनी पाते बाहेरच्या भट्टीत दिले होते आणि तिथे ते ५०० अंशांच्या वर टेम्पर केले गेले, असे कळले.

आता थोडे पुढचे विचारतो. आमच्याकडे ओटा आणि फळ्या निर्जंतुक करण्यासाठी टीसीएल पावडरचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पाणी वापरतात आणि मुले बऱ्याचदा सुऱ्याही त्यातच भिजवून ठेवतात. याचा संबंध असू शकतो का? तसेच सुरमईच्या तुकड्यांसाठी आणि पापलेट साफ करण्यासाठी अशा दोन नव्या सुऱ्या घ्यायच्या आहेत. एलसी२००एन आणि एच-१ अशी नावे वाचली, पण खानावळीच्या रोजच्या कामासाठी इतके महाग पोलाद खरोखर लागते का?

---

धातुशास्त्र_कोल्हापूर

टीसीएलचा संबंध नुसता असू शकतो असे नाही, माझ्या मते आपल्या स्वस्त सुऱ्यांच्या खड्ड्यांचे तेच मुख्य कारण असावे. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात क्लोराइड आणि तीव्र ऑक्सिडीकारक हायपोक्लोराइट दोन्ही असतात, आणि या जोडीपुढे ४२० काय, भांड्यांचे ३०४ सुद्धा खड्ड्यांपासून सुरक्षित राहत नाही. पिण्याच्या विहिरीत टाकलेल्या टीसीएलचे प्रमाण अत्यल्प असते, त्याने काही होत नाही. ओटे पुसण्यासाठी केलेले दाट पाणी मात्र निराळे. सुऱ्या त्यात भिजवणे आजपासून बंद करावे. सुरी निर्जंतुक करायची असेल तर साबणाने धुऊन उकळते पाणी ओतावे आणि ताबडतोब पुसावी. लोखंडी घासणीही वापरू नये. तिचे सूक्ष्म लोखंडी कण पात्यात रुतून बसतात आणि गंजतात, मग स्टेनलेसच गंजले असे वाटते. असे ठिपके आधीच आलेले असतील तर सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या, ४ ते १० टक्क्यांच्या कोमट द्रावणात स्टेनलेसचे पाते वीस मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. उद्योगातही मोकळे लोखंड काढण्यासाठी हीच रीत आहे. कोयता आणि डी-२ यांना हा उपाय करू नये.

नव्या सुऱ्यांविषयी स्पष्ट मत देतो. पापलेटसाठी, म्हणजे पातळ आणि लवचिक पात्यासाठी, १.४११६ या जर्मन क्रमांकाचे पोलाद घ्यावे. त्यात कार्बन सुमारे ०.५ टक्के, क्रोमियम १५ टक्क्यांच्या जवळ आणि थोडे मॉलिब्डेनम असते. जर्मन आणि स्विस बनावटीच्या स्वयंपाकाच्या बहुतेक सुऱ्या याच पोलादाच्या असतात. त्याचा कडकपणा ५५ ते ५७ रॉकवेल असल्यामुळे धार फार काळ टिकत नाही, पण धार लावण्याच्या पोलादी सळईवर दोन-चार हात फिरवले की ती परत येते आणि स्वयंपाकघरात कोणालाही हे जमते. सुरमईच्या तुकड्यांसाठी, जिथे आपल्याला डी-२ ची धार आवडली आहे, तिथे १४सी२८एन पाहावे. या स्वीडिश पोलादात कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि सुमारे ०.११ टक्के नायट्रोजन असतो. ते ५८ ते ६१ रॉकवेलपर्यंत कडक होते, त्याचे कार्बाइड बारीक असल्यामुळे धार सुबक लागते, आणि गंजाला ते ४४०-सी पेक्षा चांगले तोंड देते. डी-२ इतकी झीज ते सोसणार नाही, पण समुद्रकिनाऱ्यावर मी त्याचीच निवड करीन. व्हीजी-१० हे जपानी पोलाद धारेला उत्तम आहे, परंतु त्यात कार्बन १ टक्का असल्यामुळे खाऱ्या हवेत ते या दोघांपेक्षा अधिक काळजी मागते, आणि हाडावर त्याची कड तुटते.

एलसी२००एन आणि एच-१ यांची तुम्हाला गरज नाही. ती होडीवर दिवसभर खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या, पाणबुड्याच्या कमरेला असणाऱ्या सुऱ्यांसाठी आहेत, जिथे गोड्या पाण्याने धुण्याची सोयच नसते. एच-१ मध्ये तर कार्बन ०.१५ टक्क्यांहून अधिक नाही. गंजाच्या बाबतीत ते जवळजवळ निर्धास्त आहे, पण साध्या, गुळगुळीत धारेसाठी मऊ पडते. खानावळीत गोडे पाणी हाताशी आहे, त्यामुळे त्या पोलादांवर खर्च होणारा पैसा मी चांगल्या मुठीवर आणि चांगल्या धारदगडावर खर्च करीन.

तुमची डी-२ सुरी टाकू नका. तिला कोरड्या कामाला, भाज्यांना, सुक्या खोबऱ्याला ठेवा. विरघळलेले क्रोमियम अर्धवट का होईना तिच्यात आहे, त्यामुळे साध्या पोलादापेक्षा ती खूप उशिरा डागळेल.

---

पाते_आणि_मूठ

नव्या सुऱ्या घेतल्यावर वेष्टनावरचे नाव खरे आहे का, हे घरी ढोबळमानाने तपासता येते. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम मीठ विरघळवा. पाते साबणाने आणि मग स्पिरिटने पुसून त्यावरचे तेल पूर्ण काढा, कारण नव्या सुरीवर कारखान्याचे तेल असते आणि त्यामुळे चाचणी फसते. टिश्यू कागदाचा छोटा तुकडा त्या पाण्यात भिजवून मुठीपासून दूर, पात्याच्या पाठीलगत चिकटवा आणि कागद सुकणार नाही अशा बेताने वर झाकण घालून रात्रभर ठेवा. शेजारी तुलनेसाठी तुमची डी-२ आणि जुनी स्वस्त सुरी यांनाही तसेच करा. कोयत्यावर काही तासांतच तांबूस रंग उतरेल आणि डी-२ वर सकाळपर्यंत ठिपके दिसतील. १.४११६ आणि १४सी२८एन यांवर एका रात्रीत विशेष काही दिसू नये. नव्या सुरीवर डी-२ च्या बरोबरीने ठिपके आले, तर एक तर पोलाद सांगितलेले नाही, किंवा त्याचा उष्णतोपचार बिघडलेला आहे. दोन्ही परिस्थितींत ती परत करावी. चाचणी झाल्यावर पाते लगेच गोड्या पाण्याने धुऊन पुसा.

सुरी चामड्याच्या म्यानात किंवा ती ज्या पुठ्ठ्यात आली त्यात ठेवून देऊ नका. दोन्ही पावसाळ्यात ओलावा शोषतात. भिंतीवर लाकडी पट्टी लावून त्यावर, हवा खेळती राहील अशा जागी, चुलीपासून आणि मोरीपासून दूर टांगलेली बरी. पट्टीला चुंबक असेल तर पाते आधी पाठीकडून टेकवावे, म्हणजे धार आपटत नाही.